घोंगडी विणली कुणी

हिराबाई सणगर दचकणाऱ्यांतली बाई नव्हती. घरात साप निघाला तर ती आधी दुधाचं भांडं झाकायची आणि मग काठी शोधायची. सासरा गेला तेव्हा बाकीच्या बाया ऊर बडवत होत्या आणि हिराबाई लाकडं ओली आहेत की सुकी, हे बघायला मागल्या दारी गेली होती. अशा बाईला त्रेसष्ट सालच्या माघात चार दिवसांत तीनदा जागच्या जागी थिजायची पाळी आली, आणि तीही एका घोंगडीपायी.

पालघरात सणगराचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याचं, घर ते एकच. हिराबाईचा सासरा सिन्नरकडचा. धनगरांच्या मेंढरांमागे लोकरीसाठी घाट उतरून आला, इथे सातपाटी-शिरगावच्या होड्यांवर आणि वरच्या डोंगरपाड्यांत घोंगडी खपते असं त्याला दिसलं, आणि तो परत गेला नाही. पुढल्या खोलीत त्याने मागाचा खड्डा खणला. काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे, खालच्या पावड्या पायांनी दाबायच्या आणि वर हातांनी धोटा फेकायचा. त्याच्यामागे नरहरी त्या काठावर बसला. नरहरी म्हणजे हिराबाईचा नवरा. विणकर चांगला, माणूस बरा, आणि भित्रा. यात काही लपवण्यासारखं नाही, सगळ्या आळीला ठाऊक होतं.

हिराबाई लोकर निवडायची, पिंजायची, चातीवर सूत काढायची, चिंचोके शिजवून खळ करायची. म्हणजे घोंगडीचं निम्म्याहून जास्त काम तिचं. पण खड्ड्यात पाय सोडायचे नाहीत. सणगराच्या घरात बाईने मागावर बसायचं नाही, कारण घोंगडी देवाला लागते, बिरोबाचा भंडारा तिच्यावर उधळतात, आणि बाईच्या पायाखालून निघालेली घोंगडी देवाला कशी चालेल? हे कुणी ठरवलं, असं हिराबाईने लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूला विचारलं होतं. सासूने उत्तरादाखल पिंजायला आणखी एक ढीग दिला.

तर झालं असं, की आश्विनात लोकरीचे गठ्ठे उतरवताना लॉरीचं मागलं फळकूट नरहरीच्या उजव्या हातावर पडलं. हाडवैद्य झाला, डॉक्टर झाला. हात राहिला, पण तीन बोटं वाळक्या शेंगांसारखी ताठ झाली. धोटा धरता येईना की तुटलेला धागा सांधता येईना. आणि सातपाटीच्या एकनाथ तांडेलाला पौषात घोंगडी द्यायचा शब्द गेलेला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू धरणारा. त्याची नवी होडी नुकतीच पाण्यात उतरली होती. अशा माणसाने घोंगडी पसंत केली की त्याच्या मागे सगळं बंदर येतं. नापसंत केली, तरी तसंच सगळं बंदर मागे येतं.

"मी बसते," हिराबाई म्हणाली.

नरहरीने आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "कुठं?"

"कुठं म्हंजे? मागावर. आनि कुठं?"

"पाय खड्ड्यात घालनार?"

"नाहीतर काय डोक्यावर घेऊ?"

"अगं, बा वरनं बघतोय."

"बघू देत. त्यांना म्हनावं, तुमच्या लेकाचा हात बरा करा, मी उठते."

नरहरी दोन दिवस कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दार लावून घे." हिराबाईने दार लावलं आणि खड्ड्यात पाय सोडले.

बावीस वर्षं मागाच्या ज्या खटखटीवर भाकऱ्या थापल्या, ती हातात यायला चार दिवस लागले. पहिला हातभर पट्टा तिने उसवला, कारण काठ आत ओढला जात होता. दुसऱ्यांदा उसवला, कारण ठोक सारखा पडत नव्हता, कुठे दाट, कुठे जाळीदार. नरहरी भिंतीला पाठ लावून बघत होता आणि चुकलं की नाकाने आवाज काढत होता. तोंडाने सांगायला तो तयार नव्हता. सांगितलं असतं तर त्यात त्याचाही वाटा झाला असता. चुकला धागा मात्र हिराबाईला कानानेच कळायचा. हत्या, म्हणजे धागा ठोकून बसवायची फळी, सुतावर आपटताना एक आवाज भरीव येतो आणि एक पोकळ. पोकळ आला की ती थांबायची, मागे जायची, सांधायची आणि पुढे जायची. बाविसाव्या दिवशी सात हात घोंगडी मागावरून उतरली.

उतरली म्हणजे झाली असं नाही, बरं का. चिंचोक्याची खळ पातळ करून कुंच्याने दोन्ही अंगांना मारायची, उन्हात ताणून सुकवायची, तळहाताने चोळून मऊ करायची, टोकांच्या दशा एकेक पीळ देऊन गाठायच्या. हे सगळं तिने चोख केलं. नरहरीने डाव्या हाताने घोंगडी काठापासून काठापर्यंत चाचपली. खोट सापडेना. तेव्हा तो रागावला आणि चहात साखर कमी आहे म्हणाला.

सातपाटीला पोचवायला तोच गेला. उजवा हात उपरण्याखाली झाकून एस.टी.ने गेला आणि त्याच एस.टी.ने परत आला.

"काय म्हनाले?"

"काय म्हननार? घेतली."

"बघितली का उलगडून?"

"तांडेल दर्यावर होता. बाईच्या हातात दिली आनि आलो. थांबलो असतो तर हात बघितला असता न्‍हवं का."

हिराबाईला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की घोंगडी गेली आणि कुणी काही ओळखलं नाही. पुढे पंधरा दिवस ती मागावर बसून पाड्यावरच्या मंगळी नावाच्या गिऱ्हाइकासाठी छोटी घोंगडी विणत होती आणि मनात गुणगुणत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण नरहरीला खड्ड्याच्या आवाजावरून कळत होतं.

माघातल्या एका सोमवारी ती बाजारात गेली. सातपाटीच्या बाया टोपल्या मांडून बसल्या होत्या. त्यांतल्या पुष्पलतेकडे तिचं नेहमीचं गिऱ्हाईकपण. हिराबाई बोंबील उचलून वास घेत होती, तेवढ्यात पुष्पलता म्हणाली, "अगो, तुमची घोंगडी आटली!"

"कुठली?"

"कुठली काय? एकनाथ तांडेलाची! ही एवढी होती न्, ती एवढीशी झाली." तिने हात पसरले आणि मग जवळ आणले. इतके जवळ, की मध्ये फार तर पोराचं झबलं मावलं असतं. "न् कडक कशी, पाटासारकी. समदा बंदर बगून आला. तांडेल येतो हाय गुरवारी तुमच्याकडं, घोंगडी घेऊनशी."

"रागावलाय?"

"ते मला काय ठाव? मी काय त्याची बायको हाय? ओ भाऊ, पापलेट घ्यायचा तर घ्या, बोट नका घालू!" आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

हिराबाई बोंबील हातात धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. मागून कुणी तरी ढकललं तेव्हा तिने बोंबील खाली ठेवला आणि काहीच न घेता घरी आली. रिकाम्या पिशवीने ती बाजारातून कधी आली नव्हती. नरहरीने पिशवी बघितली, तिचं तोंड बघितलं आणि काय ते विचारलं.

तिने सांगितलं. नरहरी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मी म्हनालो व्हतो."

घोंगडी आटणं म्हणजे काय, ते विणकराच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. कच्चं सूत, ढिला पीळ, पातळ ठोक, यांतलं काहीतरी. विणकराने फसवलं, असाच त्याचा अर्थ. हिराबाई बसली आणि तिने एकेक गोष्ट तपासायला घेतली. उरलेलं सूत होतं, त्याचा पीळ बघितला. घट्ट होता. खळीची कढई खरवडून बघितली. चिंचोके जुने होते, पण किडके नव्हते. त्याच ताण्याचा वीतभर तुकडा शेवटी उरला होता, तो तिने पाण्यात बुडवून रात्रभर ठेवला, पिळला, वाळवला. सकाळी मोजला तर वीतभरच. जवभर कमी नाही. तिने पुन्हा भिजवला, दगडावर घासला, पुन्हा मोजला. वीतभर.

आता काय म्हणायचं? सूत बरोबर, पीळ बरोबर, खळ बरोबर, आणि तरी घोंगडी आटली. कारण सापडेनासं झालं की माणूस देवाच्या दारात जातं, आणि शहाणी माणसं तर सगळ्यात आधी जातात, कारण त्यांनी बाकीची दारं अगोदरच ठोठावलेली असतात. हिराबाईने देव्हाऱ्यातल्या बिरोबापुढे भंडारा ठेवला. मग खड्ड्याच्या काठाशी गेली. पाय सोडायला वाकली आणि सोडता येईनात. गुडघ्यात काही नव्हतं, पायात काही नव्हतं. नुसतं होईना. मंगळीची घोंगडी अर्धी तशीच मागावर राहिली.

त्यात मंगळवारी बळवंता आला. हा नरहरीचा थोरला भाऊ, सिन्नरलाच राहिलेला. दर माघात लॉरीतून लोकर घेऊन यायचा. दारात चपला काढायच्या आधीच त्याला मागावरचं अर्धवट काम दिसलं आणि भावाच्या हाताची गत दिसली. त्याला दोनात दोन मिळवता येत होते.

"हे कुनी विनलं?"

नरहरी मान खाली घालून बसला. हिराबाई म्हणाली, "मी."

बळवंताने पाणीसुद्धा घेतलं नाही. खांद्यावरचं उपरणं काढून मागाला नमस्कार केला, जसा मयताला करतात तसा, आणि ओट्यावर जाऊन बसला. तिथून त्याने निकाल दिला. लॉरी शुक्रवारी परत जाणार. तिच्यात माग सोडवून चढवायचा. सिन्नरला त्याचा लेक बसेल मागावर. नरहरीने मेंढरं राखायची, हिराबाईने थोरल्या जावेच्या हाताखाली सूत काढायचं.

"भाऊजी, तांडेल गुरुवारी येतोय," हिराबाई म्हणाली. "त्याचं ऐका तरी."

"काय ऐकू? आटलेली घोंगडी घेऊन येतोय तो. आरती ओवाळायला येतोय का?"

"त्यानं परत केली तर न्या माग. पन त्याच्या तोंडून ऐकल्याबिगर हात लावायचा न्हाई."

बळवंताने भावाकडे बघितलं. नरहरी भिंतीवरची पाल बघत होता. "बरं," बळवंता म्हणाला, "गुरवार तर गुरवार. चार मान्सांसमोर तोंडावर फेकू दे, मंग तरी कळंल."

सिन्नरच्या त्या घराची हिराबाईला चांगली ओळख होती. तिथे जाऊबाई दुधावरची साय मोजून ठेवायच्या. पाहुणी म्हणून आठ दिवस गेलं तर ठीक, पण कायमचं जायचं म्हणजे भाकरी मागून खायची. बावीस वर्षं स्वतःच्या चुलीवर राज्य केलेल्या बाईला चाळिशीच्या पुढे दुसरीच्या चुलीपुढे फुंकणी धरून बसायचं होतं. बुधवारी तिने घर सारवलं. ते कशासाठी सारवतोय, पाहुण्यांसाठी की सोडून जायच्यासाठी, हे तिला ठरवता आलं नाही.

गुरुवारी दहाच्या एस.टी.ने एकनाथ तांडेल आला. उंच, डोळे बारीक, चालताना जमीन हलते आहे असं पाय फाकवून चालणारा. बरोबर त्याची बायको जमना. तिच्या डोक्यावर गाठोडं. नरहरी ओट्यावर उभा राहिला, उजवा हात उपरण्याखाली. बळवंता त्याच्या शेजारी, न्यायाधीशासारखा. हिराबाई दाराच्या चौकटीत.

जमनेने गाठोडं सोडलं आणि घोंगडी ओट्यावर टाकली. पडताना आवाज झाला. घोंगडीचा आवाज होत नसतो.

हिराबाईने बघितलं आणि तिला आपलं काम ओळखू येईना. तिने काळी घोंगडी दिली होती, ही तांबूस, करवंदाच्या डागासारख्या रंगाची. सात हातांची साडेचार हात झालेली. जाड, दाट, धागा कुठून कुठे जातो ते दिसतच नाही, नुसता एक थर. दशांच्या गाठी मात्र तिच्याच होत्या, घट्ट, एका मापाच्या.

तांडेलाने तोंड उघडलं. त्याच्या ओठांतून शब्द पडायच्या आत नरहरी ओरडला, "ती माझी न्‍हवं!"

सगळे त्याच्याकडे वळले.

"माझ्या हातची न्हाई ती, तांडेल! माझा हात मोडलाय, हे बघा!" आणि चार महिने झाकून ठेवलेला हात त्याने उपरण्यातून बाहेर काढून नाचवला. "हिनं विनली. बाईनं. मी नगं म्हनत व्हतो, विचारा तिला. माझ्या उभ्या जल्मात माझी घोंगडी आटली न्हाई. माझं नाव घेऊ नगा बंदरात, हात जोडतो."

हिराबाई दाराची चौकट धरून उभी होती. घोंगडी आटली हे ऐकून बोंबील हातात राहिला होता, पण तो धक्का परक्या बाईच्या तोंडून आलेला. हा घरातून आला. तिला राग आला असं म्हणावं तर तसं नव्हतं. राग यायला माणूस जागेवर असावं लागतं. ती त्याच्याकडे बघत होती, जसं आपण बाजारात कुणाला तरी नवरा समजून हाक मारावी आणि त्याने वळून बघावं, तर तो भलताच कोणी निघावा. या माणसाचा हात तिने चार महिने तेल लावून चोळला होता.

"ऐकलं न्हवं?" बळवंता तांडेलाला म्हणाला. "आमच्या भावाचा दोष न्हाई. तुमची भरपाई आमी करू. माग उद्या हितनं जातोय."

"जातो?" तांडेल म्हणाला. "कुठं जातो? मग आमच्या घोंगड्या कोन विननार?"

कुणालाच कळेना. तांडेल उकिडवा बसला, घोंगडी उचलली आणि खांद्यावर टाकली. "आमाला अशा आनखी आठ पायजेत. तेच सांगाया आलू. तुमी काय बोलता, मला तं कायच समजत नाय."

"आठ," हिराबाईच्या तोंडून निघालं, पण आवाज आला नाही.

"गेल्या पंधरवड्यात वारा सुटला व्हता बग, उत्तरंचा? सुकानावर रातभर बसलू. आमचा बापूस बसायचा तं सकाळच्याला त्याला उचलून काडाया लागत व्हता. मी या घोंगडीत बसलू. वारा आत येत नाय. दोन लाटा अंगावरशी गेल्या, पानी वरच्यावर घरंगळलं, जसं आळवाच्या पानावरशी. समदं तांडेल इचारतान, कुठशी आनली, कुठशी आनली. खोट एकच." त्याने उभं राहून दाखवलं. घोंगडी कमरेच्या जरा खाली संपत होती. "पाय उगडं रातान. पाय गोठतान. तं पुडची लांब विना, येवडंच."

हिराबाई चौकट सोडून पुढे आली. घोंगडीची कड तिने बोटांत धरली, दुमडली, नाकाला लावली. लोकरीचा वास नव्हता. खळीचा नव्हता. कोळ्यांच्या जाळ्यांना येतो तो वास होता, तुरट, ओल्या लाकडासारखा.

"हिला काय केलंत?" तिने जमनेला विचारलं.

"काय म्हंजी?" जमना म्हणाली. "ऐनाच्या सालीत घातली."

"कसल्या सालीत?"

"अगो बाय, होडीवर जातं ते समदं ऐनाची साल उकळून त्या पान्यात घालतो आमी. जाळं, दोर, शीड. नायतं खाऱ्या पान्यानं दोन म्हैन्यांत कुजंल. नवी घोंगडी होडीवर जायाची तं तशीच कोरी घालवू?" तिच्या आवाजात चांगला अभिमान होता. "दोन भट्ट्या दिल्या. मंग दगडावरशी चांगली चोपली न् वाळूत सुकवली."

"उकळत्या पान्यात?"

"मंग साल काय थंड पान्यात उतरतं?"

"लोकर हाय ती! जाळं न्‍हवं!" हिराबाईचा आवाज एकदम परत आला आणि चार घरं पलीकडे ऐकू गेला. "लोकर कुनी उकळतं का? बावीस दिवस मी धागा धागा ठोकला, आनि तू भट्टीत घालून धोपटलीस? तुझ्या मासळीला मी असं केलं तर?"

"वरडती कशाला माज्यावर? मासळी तं तू उकळूनशीच खातीस!" जमनाही काही ऐकून घेणारी नव्हती. "घोंगडी ऊन पान्यात घालू नको, असं कुनी सांगितलं मला? सांगायचं व्हतं ना! तुजा घोव आला, दारात टाकून पळाला. पानी घे म्हटलं तं थांबला नाय. मला वाटलं, कुत्रं मागं लागलं काय."

प्रत्येक घोंगडी देताना विणकर स्वतः उलगडून दाखवतो आणि सांगतो, की पहिलं धुणं गार पाण्यात, सावलीत वाळवा, ऊन पाणी लावू नका. नरहरीच्या बापाने हे सांगितलं, नरहरीने वीस वर्षं सांगितलं. एकदाच नाही सांगितलं, कारण एक हात झाकायचा होता.

नरहरीने तो हात हळूहळू परत उपरण्यात घेतला.

"म्हंजे," तो म्हणाला, "मी जवळच बसलो व्हतो. समदं विनून होस्तवर. माझ्या नजरंखालीच विनली तिनं."

यावर हिराबाई काही बोलली असती, पण बळवंताला धीर धरवेना. तो तांडेलाला म्हणाला, "बाईच्या हातची हाय ती. ऐकलं ना? बाईनं मागात पाय घालून विनलेली. ती चालंल तुमाला होडीवर?"

तांडेलाला प्रश्न समजायला वेळ लागला. "आमची जाळी बाया शिवतान," तो म्हणाला. "मासळी बाया इकतान. होडीला नाव आमच्या आयशीचं हाय. घोंगडीनंच काय पाप केलं?" मग तो हिराबाईकडे वळला. "बाय, तू सांग. होळीच्या अगोदर चार देशील? बाकीच्या मागनं दे."

ती 'हो' म्हणाली नाही. घोंगडी उचलून उजेडात धरली. पालथी केली. ती आपली आहे आणि आपली नाही, यांतलं काय खरं, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं. जिच्यापायी चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं ती ही, आणि जिच्यासारख्या आठांची मागणी आली ती ही. आणि दोन्ही वेळा तिने स्वतः केलं होतं काय? बावीस दिवस विणलं होतं. बाकी सगळं दुसऱ्यांनीच.

"देईन," ती शेवटी म्हणाली. "पन भट्टी माझ्यासमोर. मी सातपाटीला येनार. किती उकळायची, किती चोपायची, मी बघनार. आनि घोंगडी पोचवायला मीच येनार."

"ये ना," जमना म्हणाली. "जेवायलाच ये. पर वरडू नको."

"ते मी बघंन."

पाहुणे चहा पिऊन दुपारच्या एस.टी.ने गेले. घोंगडी जमनेने परत नेली, तांडेल ती सोडायला तयार नव्हता. ओट्यावर तिघं राहिली. बळवंता विडी न ओढता हातात फिरवत होता. देवाला न चालणारी घोंगडी दर्याला चालते, हे त्याच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

"दादा," नरहरी म्हणाला, "लॉरी रिकामीच जाऊ दे."

"तुझा माग हाय. तुला काय करायचं ते कर," बळवंता म्हणाला आणि चपला घालून लॉरीवाल्याकडे गेला. जेवायला थांबला नाही. पुढल्या माघात तो आला तेव्हा लोकर ओट्यावर ठेवून गेला, आत आला नाही. त्याच्या पुढल्या वर्षी आत आला. पण ते पुढचं.

नरहरी हिराबाईजवळ येऊन उभा राहिला. "मी घाबरलो गं," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"आता चार मान्सांत काय सांगायचं? आपन म्हनू या, मी ताना लावतो, तू नुसती..."

"काय बी म्हनायचं न्हाई," हिराबाई म्हणाली. "तुमी ओरडून सांगितलंत न्हवं, मी विनली म्हनून? आता ते फिरवायचं न्हाई. कुनासाठी बी."

हे तिने शांतपणे सांगितलं. ओरडली असती तर नरहरीला सुटल्यासारखं झालं असतं. त्या रात्री तिने त्याच्या बोटांना तेल लावलं नाही. पुढच्या रात्रीही नाही. वाटी त्याच्यापुढे ठेवली. डाव्या हाताने उजव्याला लावता येतं.

आठ दिवस ती मागावर बसली नाही. मंगळीची घोंगडीही तशीच होती. हिराबाई आकडे मांडत होती, दोरीला गाठी मारून, कारण लिहायचं तिला येत नव्हतं आणि चुकायचं नव्हतं. सात हातांचे साडेचार झाले. सात हात हवे असतील तर अकरा हात विणायचे. रुंदीचंही तसंच. अकरा हात घोंगडी पालघरात कुणी विणली नव्हती, आणि सिन्नरलाही नाही. त्यासाठी ताणा, म्हणजे उभं सूत, चौदा हातांचा. विणायच्या आधी त्यालाही खळ मारायची असते, आणि त्यासाठी तो दोन खुंट्यांमध्ये सरळ ताणावा लागतो, मधे वाकवून चालत नाही. अंगण बारा हातांवर संपत होतं. पुढे रस्ता.

एका सकाळी तिने एक खुंटी ओट्याजवळ ठोकली आणि दुसरी दोन हात आत, अरुंद रस्त्यात. काळं सूत छातीएवढ्या उंचीवर रस्त्यात घुसलेलं, खाली चिंचोक्याची पातेली, एका अंगाला हिराबाई कुंचा घेऊन, दुसऱ्या अंगाला नरहरी डाव्या हातात कुंचा धरून. त्याला नीट जमत नव्हतं. खळ त्याच्या धोतरावर पडत होती.

त्या वर्षी त्या रस्त्याने बोईसरकडे ट्रक फार जायला लागले होते. असाच एक सळ्यांनी लादलेला ट्रक आला, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला आणि थांबला. ड्रायव्हर उतरून सुताजवळ आला. असलं काही त्याने आयुष्यात बघितलं नसावं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे, ये क्या है बीच रास्ते में? हटाओ!"

"हटवता येत न्हाई," हिराबाई हात न थांबवता म्हणाली. "ओलं हाय. सुकायला घटकाभर लागंल."

ड्रायव्हरने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि बाप्यामाणसाकडे वळला. "ओ चाचा, किसका है ये?"

नरहरीने कुंचा पातेलीत बुडवला, निथळू दिला आणि हनुवटीने हिराबाईकडे दाखवलं. "इनका," तो म्हणाला. "इनको पूछो."

ड्रायव्हर ट्रकपाशी परत गेला, इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून त्याने विडी पेटवली.